पल्स कधी निघणार? प्रोग्रॅमेबल डिले लाइन चिपांचा आढावा

कोॲक्सियल केबलमधून विद्युत संकेत एका नॅनोसेकंदात साधारण वीस सेंटिमीटर पुढे जातो. म्हणजे एखादी पल्स पाच नॅनोसेकंद उशिरा हवी असेल तर वाटेत एक मीटर केबल घालायची आणि मोकळं व्हायचं. अणुभौतिकीच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं हेच चालत आलं आहे. तिथल्या रॅकमध्ये एक पेटी असते. पेटीवर सहा स्विच आणि आत केबलची सहा वेटोळी: १, २, ४, ८, १६ आणि ३२ नॅनोसेकंदांची. स्विच खाली-वर करून शून्यापासून ६३ नॅनोसेकंदांपर्यंत हवा तो विलंब जुळवता येतो. या पेटीला वीज लागत नाही, खोली तापली तरी तिचं फारसं बिघडत नाही, आणि तिचा जिटर, म्हणजे दर खेपेला पल्सच्या वेळेत होणारी बारीक थरथर, जवळपास नसतोच. मात्र स्विच माणसालाच दाबावे लागतात, आणि एक मायक्रोसेकंद हवा असेल तर दोनशे मीटर केबलचं भेंडोळं खोलीत ठेवावं लागतं.

प्रोग्रॅमेबल डिले लाइन चिप ही या पेटीची सिलिकॉनमधली वारसदार. पिनांवर बायनरी आकडा द्यायचा, ट्रिगर द्यायचा. त्या आकड्याइतक्या उशिराने पल्स बाहेर येते. ती हे कसं साधते, किती भरवशाने साधते आणि आज अशी स्वतंत्र चिप घेण्यात अर्थ उरला आहे का, हे या लेखाचे प्रश्न. माझं मत आधीच सांगून टाकतो. या क्षेत्रात पायरीच्या आकड्याला अवाजवी मान मिळालेला आहे. डेटाशीटच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘१० पिकोसेकंद’ असतं. काम अडतं ते आतल्या पानांवर बारीक टायपात छापलेल्या तीन-चार वेगळ्याच आकड्यांवर.

विलंब मुद्दाम निर्माण करायची गरज चिपांच्या बरीच आधीची आहे. १९४९ साली केंब्रिजमध्ये सुरू झालेल्या एडसॅक संगणकाची स्मृतीच मुळी विलंबावर चालत होती. सुमारे दीड मीटर लांबीच्या नळीत पारा भरलेला असे, एका टोकाकडून ध्वनीच्या पल्स सोडत, त्या साधारण एका मिलिसेकंदाने दुसऱ्या टोकाला पोचत आणि तिथून पुन्हा पहिल्या टोकाला आणून सोडल्या जात. आपल्याकडच्या जुन्या टीव्ही मेकॅनिकना ‘डिले लाइन’ हा शब्द माहीत आहे तो वेगळ्या वाटेने. दूरदर्शनने १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू केलं ते पाल पद्धतीचं, आणि पालच्या प्रत्येक संचात काचेचा एक चपटा तुकडा असे. ध्वनितरंग त्याच्या कडांवर आपटत फिरत आणि एका ओळीचा रंगसंकेत सुमारे ६४ मायक्रोसेकंद थोपवून धरत, म्हणजे पुढच्या ओळीशी त्याची सरासरी काढता येई. ऑसिलोस्कोपमध्येही डिले लाइन होतीच, नाहीतर ट्रिगर ओळखून पडद्यावरची रेघ सुरू होईतो पल्सची चढती कडा निघून गेलेली असायची. छोट्या विलंबांसाठी कॉइल आणि कपॅसिटर यांची साखळी वापरत. तिच्या प्रत्येक कडीचा विलंब म्हणजे इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. या सगळ्या विलंबांत एक गोष्ट समान होती: एकदा बनवला की तो बदलता येत नसे.

इथे एक घोळ आधी निस्तरायला हवा. विलंब आणि पल्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निव्वळ डिले लाइन पल्स निर्माण करत नाही. आत आलेलं ती उशिरा बाहेर सोडते, इतकंच. ठरलेल्या क्षणी ठरलेल्या रुंदीची पल्स हवी असेल तर विलंबाला थोडं लॉजिक जोडावं लागतं. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मूळ संकेत आणि त्याची उशिरा आलेली प्रत एका एक्स-ऑर गेटला देणं. मूळ संकेत बदलला आणि प्रत अजून बदलली नाही, तेवढ्याच काळात गेटचं आउटपुट वर असतं. म्हणजे प्रत्येक कडेला एक पल्स, आणि तिची रुंदी नेमकी विलंबाइतकी. फक्त चढत्या कडेलाच पल्स हवी असेल तर प्रत उलटी करून अँड गेट लावायचा. हे सोपं आहे, पण पल्सची सुरुवात इथे ट्रिगरलाच बांधलेली राहते.

सुरुवात आणि रुंदी दोन्ही हाती हवी असतील तर दोन डिले लाइन आणि एक सेट-रीसेट फ्लिप-फ्लॉप लागतो. एकाच ट्रिगरला दोन वाटा फुटतात. पहिल्या वाटेने आलेली कडा फ्लिप-फ्लॉप सेट करते, दुसऱ्या वाटेने आलेली रीसेट. पहिला विलंब पल्सची सुरुवात ठरवतो, दोघांतला फरक तिची रुंदी. या मांडणीचा एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. प्रत्येक चिपमध्ये आकडा शून्य ठेवला तरी थोडा विलंब होतोच, कारण संकेताला आत शिरून बाहेर पडायला वेळ लागतो. हा शून्य-पायरीचा विलंब दोन्ही वाटांवर सारखाच असतो, म्हणून रुंदीतून तो वजा होऊन जातो. दोन्ही चिपा शेजारी असतील तर त्या तापतातही सारख्याच, त्यामुळे तापमानाने येणारी सरकही बरीचशी कटते. डॅलस सेमिकंडक्टरने डीएस१०२३ या चिपमध्ये हाच विचार आत बसवला. तिच्यात एक संदर्भ-विलंब आहे, तो शून्य-पायरीच्या विलंबाशी जुळवलेला. एकाच चिपकडून साधा विलंब घ्या, विलंबाएवढ्या रुंदीची पल्स घ्या किंवा आउटपुट उलटं करून इनपुटला जोडून ऑसिलेटर बनवा. पायऱ्या २५६, आणि पायरीचा आकार प्रकारानुसार पाव नॅनोसेकंदापासून पाच नॅनोसेकंदांपर्यंत.

आता चिपच्या आत. मुख्य घराणी दोन.

पहिलं घराणं गेट मोजणाऱ्यांचं. प्रत्येक लॉजिक गेटला संकेत पुढे ढकलायला काही पिकोसेकंद लागतात. जितके गेट वाटेत, तितका उशीर. वाट निवडायचं काम मल्टिप्लेक्सर करतात. ऑन सेमिकंडक्टरची एमसी१००ईपी१९५ याचा चांगला नमुना. दहा बिटांचा आकडा, पायरी सुमारे १० पिकोसेकंद, एकूण पल्ला साधारण १० नॅनोसेकंद, आणि शून्य-पायरीचा विलंब २.२ नॅनोसेकंद. आतली रचना थेट त्या केबलच्या पेटीसारखी आहे: १, २, ४, ८ करत ५१२ पायऱ्यांपर्यंतचे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यासमोर एक मल्टिप्लेक्सर, ‘आतून जा किंवा वळसा घे’ सांगणारा.

पण गेटच जर ८० पिकोसेकंद खातो, तर त्याहून बारीक पायरी आणायची कुठून? या चिपच्या आधीच्या पिढीतल्या ई१९५ चं उत्तर मला फार आवडतं. तिच्या रचनाकारांनी गेट वेगवान केला नाही. दोन गेट मुद्दाम मंद केले, एक सव्वापट आणि एक दीडपट. ८० च्या जागी १०० चा गेट निवडला की फरक २० पिकोसेकंदांचा, १२० चा निवडला की ४० चा. विलंब ८० हून कमी करता येत नाही, पण दोन विलंबांतला फरक हवा तितका लहान करता येतो. व्हर्नियर कॅलिपरची पट्टी ज्या तत्त्वावर चालते तेच हे.

या घराण्याचे दोन त्रास आहेत. पहिला रुंदीचा. गेटला वर चढायला आणि खाली उतरायला लागणारा वेळ अगदी सारखा नसतो. समजा प्रत्येक गेटमागे ५ पिकोसेकंदांचा फरक पडला आणि वाटेत शंभर गेट आहेत. १ नॅनोसेकंद रुंदीची पल्स बाहेर येईतो अर्धीच उरेल किंवा दीडपट होईल. ईसीएल जातीच्या डिफरेन्शियल गेटांत दोन्ही कडा बऱ्याच समान असतात. ही चिप त्या खर्चिक, गरम होणाऱ्या आणि ५० ओहमचं टर्मिनेशन मागणाऱ्या जातीत बनवण्यामागे वेग तर आहेच, पण हेही आहे. दुसरा त्रास आकडा बदलतानाचा. पल्स साखळीत असतानाच नवा आकडा आला तर पुढच्या मल्टिप्लेक्सरने वाट बदललेली असते. पल्स तुटते किंवा एकाच्या दोन होतात. म्हणून चिपवर लॅचची पिन दिलेली असते आणि दोन पल्सच्या मधल्या शांततेतच नवा आकडा आत घ्यायचा असतो. ही पिन बिनधास्त उघडी सोडणारे सर्किट मी पाहिले आहेत, आणि ‘चिप कधीकधी वेड्यासारखं वागते’ ही तक्रारही ऐकली आहे.

दुसरं घराणं रॅम्पचं. ट्रिगर आला की स्थिर विद्युतप्रवाह एका कपॅसिटरमध्ये जाऊ लागतो आणि त्याचं व्होल्टेज सरळ रेषेत चढतं. दुसरीकडे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टरने दिलेल्या आकड्याचं व्होल्टेज तयार ठेवलेलं असतं. चढतं व्होल्टेज त्या पातळीला पोचलं की कंपॅरेटर उलटतो आणि आउटपुटची कडा निघते. नळाच्या एकसारख्या धारेखाली घागर ठेवावी आणि पाणी खुणेला लागलं की हाक द्यावी, तसं हे. आकडा बदलणं म्हणजे खूण वर-खाली सरकवणं. हिशोब करून पाहू. १ मिलिअँपिअर प्रवाह १०० पिकोफॅरडमध्ये सोडला तर व्होल्टेज नॅनोसेकंदाला १० मिलिव्होल्टने चढतं, म्हणजे १ व्होल्टला १०० नॅनोसेकंद. या एका व्होल्टचे २५६ भाग केले की पायरी ०.४ नॅनोसेकंदाच्या आसपास येते. प्रवाह किंवा कपॅसिटर बदलून पल्ला हवा तसा ताणता येतो.

ॲनालॉग डिव्हायसेसच्या एडी९५०१ ने हे सगळं एका चिपमध्ये आणलं. तिच्या डेटाशीटवर दोन दावे शेजारी शेजारी आहेत: १० पिकोसेकंदांची पायरी आणि २.५ नॅनोसेकंदांपासून १० मायक्रोसेकंदांपर्यंतचा पल्ला. दोन्ही खरे आहेत, पण एकाच वेळी नाहीत. पायऱ्या २५६ च. पल्ला २.५ नॅनोसेकंद ठेवला तर पायरी १० पिकोसेकंदांची. १० मायक्रोसेकंदांवर नेला तर पायरी ३९ नॅनोसेकंदांची, म्हणजे जवळजवळ चार हजारपट जाड. याला फसवणूक म्हणता येणार नाही, पण घाईत वाचणारा फसतो खरा.

रॅम्पचा खरा शत्रू गोंगाट. कंपॅरेटरपाशी १ मिलिव्होल्ट गोंगाट असेल तर कडा किती थरथरेल, हे रॅम्प किती तिरपा आहे यावर ठरतं. १० नॅनोसेकंदांत १ व्होल्ट चढणाऱ्या रॅम्पवर त्याच गोंगाटाने १० पिकोसेकंदांचा जिटर येतो. १० मायक्रोसेकंदांत १ व्होल्ट चढणाऱ्यावर तो १० नॅनोसेकंद होतो. पल्ला हजारपट, जिटरही हजारपट. लांब विलंब एकाच रॅम्पने साधायचा प्रयत्न म्हणूनच फसतो, आणि जास्त बिटांचा कन्व्हर्टर लावून त्यात सुधारणा होत नाही. गोंगाटाखाली बुडालेल्या पायऱ्या तेवढ्या वाढतात.

शिवाय प्रत्येक पल्सनंतर कपॅसिटर पूर्ण रिकामा करावा लागतो. त्याआधी पुढचा ट्रिगर आला तर उरलेल्या चार्जमुळे पुढचा विलंब थोडा कमी भरतो. ट्रिगर ठरावीक गतीने येत असतील तर ही चूक दर वेळी सारखीच, त्यामुळे लक्षातही येत नाही. ट्रिगर अनियमित असले की विलंब मागच्या ट्रिगरपासूनच्या अंतरावर अवलंबून राहू लागतो आणि दोष शोधणाऱ्याचे दिवस जातात. एडी९५०१ मध्ये आउटपुट रीसेट येईपर्यंत वरच राहतं. तेव्हा पल्सची रुंदी रीसेट कसा आणि कधी दिला यावर आहे, हेही आधीच ध्यानात घ्यावं.

तापमानाबद्दल दोन्ही घराण्यांनी वेगवेगळे उपाय केले. उघड्या सीमॉस गेटचा विलंब तापमान, पुरवठ्याचं व्होल्टेज आणि त्या दिवशीची वेफर या तिन्हींवर ठरतो; टोकाच्या परिस्थितींत तो दुपटीच्या आसपासही बदलू शकतो. डॅलसच्या डीएस१०२० सारख्या चिपा विकल्या गेल्या त्या प्रामुख्याने ही सरक आतल्या आत भरून काढण्याच्या हमीवर. त्या मालिकेत सगळ्यात बारीक पायरी ०.१५ नॅनोसेकंदाची, सगळ्यात जाड २ नॅनोसेकंदांची. शून्य-पायरीला १० नॅनोसेकंद धरून जाड पायरीच्या चिपचा सर्वांत मोठा विलंब ५२० नॅनोसेकंद. आता ५२० मध्ये एक टक्का चूक म्हणजे ५ नॅनोसेकंद, अडीच पायऱ्या. पायरी २ ची आहे म्हणून पल्स २ नॅनोसेकंदांच्या आत येईलच, असं समजणाऱ्याची गणना इथे चुकते. बारीक पायरीचा उपयोग तेव्हाच, जेव्हा तुम्ही स्वतः मोजून सुधारत असता.

यावर जास्त सखोल उपाय म्हणजे डिले-लॉक्ड लूप. समजा एकसारखे ३२ विलंब-घटक एका साखळीत आहेत. क्रिस्टलच्या क्लॉकची कडा एका टोकाने आत सोडायची आणि दुसऱ्या टोकाला ती बरोबर एका क्लॉक-आवर्तनाने पोचते का ते बघायचं. लवकर आली तर सगळे घटक जरा मंद करायचे, उशिरा आली तर जलद. लूप स्थिरावला की प्रत्येक घटक आवर्तनाच्या बत्तिसाव्या भागाइतका होतो, खोली तापो किंवा गारठो. भरवसा आता सिलिकॉनऐवजी क्रिस्टलवर गेला, आणि वेळेच्या बाबतीत क्रिस्टलइतका विश्वासू माल या पैशांत दुसरा नाही.

लांब विलंबाचा प्रश्न क्रिस्टलच सोडवतो. क्लॉकचे ठोके काउंटरने मोजायचे, आणि उरलेला एका ठोक्याहून कमी भाग डिले लाइनने किंवा रॅम्पने भरायचा. स्टॅनफर्ड रिसर्च सिस्टिम्सचा डीजी५३५ हा प्रयोगशाळांत सर्वत्र दिसणारा जनरेटर याच विभागणीवर उभा आहे: पायरी ५ पिकोसेकंद, पल्ला जवळजवळ १००० सेकंद. म्हणजे २ वर १४ शून्यं इतक्या पायऱ्या. कोणत्याही एका रॅम्पला किंवा गेटच्या साखळीला हे शक्य नाही. अडचण ट्रिगरची. तो क्लॉकला विचारून येत नाही. १०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर तो दोन ठोक्यांच्या मध्ये कुठेही पडतो, म्हणून नुसत्या काउंटरवर १० नॅनोसेकंदांची अनिश्चितता राहते. ट्रिगर ठोक्याच्या किती आधी पडला ते मोजून तेवढा फरक शेवटच्या बारीक विलंबात मिळवावा लागतो. असल्या उपकरणाची किंमत बरीचशी या एका दुरुस्तीत असते.

जाड आणि बारीक विलंबाची ही विभागणी चिपांपुरती नाही. नारायणगावजवळ खोडद इथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत, सुमारे २५ किलोमीटरवर पसरलेल्या. एकाच ताऱ्याचा संकेत सगळ्यांना एकदम मिळत नाही. फरक ८० मायक्रोसेकंदांच्या आसपास जाऊ शकतो आणि पृथ्वी फिरते तसा तो बदलत राहतो. तिथे संकेत आधी डिजिटल होतो, पूर्ण नमुन्यांइतका विलंब मेमरीत दिला जातो आणि एका नमुन्याहून लहान उरलेला विलंब कंप्रतेनुसार फेज फिरवून भरला जातो. साधनं निराळी आहेत, युक्ती डीजी५३५ चीच.

मग स्वतंत्र डिले चिप आज कोण घेतो? तिचं बरंचसं काम दुसऱ्या चिपांनी गिळलं आहे. झायलिंक्सच्या ७ मालिकेतल्या एफपीजीएच्या इनपुट पिनांमागे ३१ टप्प्यांची डिले लाइन आधीच बसवलेली असते. २०० मेगाहर्ट्झचा संदर्भ क्लॉक दिला की टप्पा ७८ पिकोसेकंदांचा होतो आणि तिथेच बांधला जातो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या सी२००० मायक्रोकंट्रोलरमधलं हाय-रिझोल्यूशन पीडब्ल्यूएम पल्सची कडा सुमारे १५० पिकोसेकंदांच्या पायऱ्यांनी सरकवतं, आणि एका क्लॉकमध्ये किती पायऱ्या बसतात हे सॉफ्टवेअर अधूनमधून मोजून घेतं. एसटीच्या एसटीएम३२एफ३३४ मध्ये हीच पायरी २१७ पिकोसेकंदांची. स्विचिंग पॉवर सप्लाय बनवणाऱ्याला आता वेगळी डिले चिप लागतच नाही. ती कंट्रोलरबरोबर फुकट मिळते. चिपा बनवणारी घरंही एकत्र आली आहेत: डॅलस सेमिकंडक्टर २००१ मध्ये मॅक्सिमने घेतली, मॅक्सिम २०२१ मध्ये ॲनालॉग डिव्हायसेसमध्ये विलीन झाली.

तरी दोन ठिकाणी स्वतंत्र चिप टिकून आहे, आणि टिकेल असं मला वाटतं. एक म्हणजे चिपांची चाचणी घेणारी यंत्रं, जिथे शेकडो पिनांवरच्या कडा एका रेषेत आणायच्या असतात. एफपीजीएच्या आत शेजारी हजारो फ्लिप-फ्लॉप एकदम उलटत असतात, त्यांचा गोंगाट पुरवठ्यातून विलंबात झिरपतो. वेगळ्या, शांत पुरवठ्यावर बसलेली ईसीएल चिप तिथे सरस ठरते. दुसरं ठिकाण समतुल्य-काल सॅम्पलिंगचं. जमिनीखाली डोकावणारा रडार दर पल्सनंतर परतीच्या संकेताचा एकच नमुना घेतो, पुढच्या पल्सला तो क्षण काही पिकोसेकंदांनी पुढे सरकवतो, आणि असे शेकडो नमुने जोडून पूर्ण चित्र उभं करतो. मंद, स्वस्त कन्व्हर्टरने अतिजलद संकेत पकडायचा हा मार्ग. इथे अचूकतेपेक्षा पायऱ्यांची सलगता मोलाची: आकडा वाढला की विलंब वाढलाच पाहिजे, एकदाही मागे येता कामा नये. गेटच्या बायनरी साखळीत ५११ वरून ५१२ वर जाताना नऊ तुकडे एकदम सुटतात आणि एक नवा जोडला जातो. पाय घसरतो तो नेमका तिथे.

तेव्हा निवडीचा माझा क्रम असा. विलंब मायक्रोसेकंदांत असेल आणि ट्रिगर तुमच्याच क्लॉकवर येत असेल, तर साधा काउंटर पुरतो. डिले चिपचं नाव काढू नये. शेकडो पिकोसेकंदांची पायरी चालत असेल तर एफपीजीए किंवा योग्य मायक्रोकंट्रोलर. त्याखाली गेलात, किंवा जिटर दहा-वीस पिकोसेकंदांच्या आत हवा असेल, तरच ईसीएलची चिप आणि तिचे लाड. तिथे बोर्डही चिपइतकाच महत्त्वाचा, कारण १० पिकोसेकंदांत संकेत बोर्डवर जेमतेम दीड मिलिमीटर जातो.

घेतलेली चिप स्वतः मोजून पाहा. १०० मेगाहर्ट्झच्या ऑसिलोस्कोपचा स्वतःचाच राइज टाइम ३.५ नॅनोसेकंद असतो, त्यावर १० पिकोसेकंदांच्या पायऱ्या पडताळायला जाऊ नका. आउटपुट उलटं करून इनपुटला जोडा आणि चिपचा ऑसिलेटर बनवा. एकूण विलंब १० नॅनोसेकंद असेल तर कंप्रता ५० मेगाहर्ट्झ येईल. एक पायरी वाढवली की ती सुमारे ५० किलोहर्ट्झने घसरेल, आणि हा फरक साधा फ्रीक्वेन्सी काउंटरही सहज दाखवतो. सगळ्या आकड्यांचा तक्ता एकदा थंड बोर्डवर आणि एकदा तासभर चालून तापलेल्या बोर्डवर करा. जिटर मात्र या युक्तीने कळत नाही. त्यासाठी चांगला ऑसिलोस्कोप कुणाकडून तरी मागून आणावाच लागतो.